तिसऱ्याचा टोंगळा

आमच्या घरमालकीण काकू कापडी पिशवी घेऊन निघाल्या, की गल्लीत कुणी ‘तुमाले काय झालं’ असं विचारत नसे. ‘आज कोनाले नेऊन राह्यल्या?’ असं विचारत. स्वतः काकूंना साधी सर्दीसुद्धा होत नसे, पण मंगरूळपीरच्या आमच्या भागातला एकही माणूस त्यांच्याशिवाय डॉक्टरसमोर बसलेला नव्हता. कुणाला ताप आला, कुणाचा दात ठणकला, कुणाच्या सुनेला दिवस राहिले, की सोबतीला काकू. पिशवीत एक धुतलेली चादर, पाण्याची बाटली आणि चिवडा. माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्याबरोबर त्याची अक्कलही आजारी पडते, तेव्हा बोलायचं काम धडधाकट माणसानं करावं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

“ज्याचं दुखते त्याले सांगता येत नाही,” त्या म्हणायच्या, “तो नुसता ‘आई वं, बाप्पा वं’ करते. डाक्टरनं त्याच्यावरून काय समजावं?”

त्यांचे डॉक्टरकडे बोलायचे नियम ठरलेले होते. पहिला नियम, जे असेल ते दुप्पट करून सांगायचं, कारण डॉक्टर अर्धंच ऐकतो. दोन दिवसांचा खोकला असेल तर काकू त्याला आठवड्याचा करायच्या. जेवण कमी झालं असेल तर ‘अन्न पाहिलं का उलटी येते’ म्हणायच्या. पेशंट बिचारा ‘तसं नाही हो’ म्हणायला तोंड उघडायचा, तर काकू त्याच्या तोंडात चिवडा द्यायच्या.

दुसरा नियम जरा अवघड होता. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. काकूंनी त्याला एक पोटनियम जोडला होता. ज्याचं दुखतं त्याच्याही अंगावर दाखवायचं नाही. “दुखत्या जागेले बोट दावलं का थे लाडावते, अन् मंग जातच नाही.” म्हणजे उरला तिसरा. तो कोण असेल ते नशीब. दाढ दुखणाऱ्या पेशंटसाठी त्यांनी एकदा कंपाउंडरचा जबडा उघडून आतली दाढ डॉक्टरला दाखवली होती. तो कंपाउंडर पुढं काकू दिसल्या की तोंडाला मास्क लावायचा.

घरी हा तिसरा म्हणजे आमचे काका. काका फार गरीब माणूस, दिवसाला चार शब्द बोलत असतील तर खूप. पण सगळ्या गल्लीचे आजार त्यांच्या अंगावर दाखवून झाले होते. काकू शेजारणीला सांगू लागल्या, “तिच्या भावजईचा खांदा असा इथून,” की काका पेपर वाचता वाचता हात वर करून खांदा मोकळा करून द्यायचे. मागच्या घरातल्या गुरुजींना मूळव्याध झाली तेव्हा मात्र ते आदल्या दिवशीच शेतावर राहायला निघून गेले होते.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मानोरा तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून पोलीस भरतीची तयारी करायला आले होते. पहाटे कारंजा रोडनं पळायचं, दुपारी पुस्तकं, संध्याकाळी गोळाफेक. माझं वय भरतीच्या अटीच्या काठावर आलं होतं. ही भरती हुकली असती तर पुढच्या वेळी अर्जच भरता आला नसता, आणि घरच्यांनी एका स्थळाला ‘पोरीचं ग्राउंड होऊ द्या, मग बोलू’ असं सांगून ठेवलं होतं. ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा. मुलगा वाईट नव्हता. पण मला वर्दी पाहिजे होती, आणि मला ती इतकी पाहिजे होती की रस्त्यात लेडी कॉन्स्टेबल दिसली तरी मी तिच्या बुटांकडे पाहत उभी राहायची.

आणि नेमकी मी सोयाबीनवरून घसरले. दिवस सोंगणीचे, म्हणजे सोयाबीन कापणीचे होते. आमच्याकडे त्या दिवसांत अर्धा डांबरी रस्ता वाहनांचा असतो आणि अर्ध्यावर लोक सोयाबीन वाळू घालतात. पहाटेच्या अंधुकात मला ढीग दिसला नाही. दाणे पायाखाली फिरले, उजवा पाय एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. गुडघ्यातून असा काही आवाज आला की मी तिथंच बसले. ज्याचं सोयाबीन होतं तो माणूस धावत आला आणि आधी त्यानं पसरलेले दाणे गोळा केले. मग म्हणाला, “लागलं काय वं, बाई?”

गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात. माझा टोंगळा सुजून टम्म झाला, आणि काकूंच्या घरात सण आल्यासारखं झालं. इतके दिवस त्यांना बाहेरून पेशंट आणावे लागत, आता घरातच मिळाला होता. पहिले आठ दिवस त्यांनी सल्ले गोळा केले. एकीनं रुईचं पान तेल लावून बांधायला सांगितलं, ते बांधलं. दुसरीनं आंबेहळदीचा लेप सांगितला, तोही लावला. तिसरी बिब्बा घालायला आली तेव्हा मी एका पायावर माडीवर चढून आतून कडी लावली. काकांच्या टोंगळ्यालाही या सगळ्यातून जावं लागलं, कारण प्रत्येक लेप आधी तिथं लावून दाखवला जाई.

शेवटी सूज उतरली पण दुखणं गेलं नाही, म्हणून आम्ही वाशिमला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर बाकावर ही गर्दी. माझ्या शेजारी कामरगावचे एक धोतरवाले शेतकरी बसले होते, पासष्टीच्या आसपासचे, एकटेच, खांदा दाखवायला आलेले. कुणीतरी काकूंना विचारलं, पोरीला काय झालं. काकूंनी इकडं तिकडं पाहिलं. काका घरी होते. मग त्यांनी त्या शेतकऱ्यांचं धोतर जरा वर सारून त्यांच्या उजव्या गुडघ्यावर अंगठा दाबला.

“हे अशी वाटी असते ना, तिच्या आतल्या अंगानं इथं...”

“आई वं,” ते ओरडले. मग आश्चर्यानं म्हणाले, “ताई, अवो इथंच तं मलेही दुखते. कितीक सालापासून. म्या म्हनलं वयानं दुखत असंन.”

“मंग खांदा कायले दाखवून राह्यले, भाऊ? खांद्यावर चालता काय?”

झालं. काकूंनी त्यांचीही केस हातात घेतली. एकटा माणूस दवाखान्यात आलेला त्यांना पाहवतच नसे. दोघांचेही उजव्या गुडघ्याचे फोटो काढले गेले. एक्स-रेला काकू फोटोच म्हणत. आतून बोलावणं आलं तेव्हा आम्ही तिघं एकदम आत शिरलो. दोन्ही पाकिटं काकूंच्या हातात, आणि तोंड माझ्याबद्दल चालू. त्यांनी एक पाकीट डॉक्टरपुढं ठेवलं. पाकिटावर नाव होतं, पण काकू बोलत असताना कुणाला काही वाचता येत नसे.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. “वय काय तुमचं?”

मी सांगितलं.

“एवढ्या वयात असा गुडघा? आतली गादी पार झिजली आहे. काय खाता तुम्ही? पाणीपुरी?”

“पानीपुरीच खाते,” काकू म्हणाल्या. मी महिन्यातून एकदा खात असेन.

“पळणं विसरा. मांडी घालू नका, जिना टाळा. आणि हे ताईत वगैरे अंगावर ठेवून फोटो काढत जाऊ नका.”

ताईताचं मला ऐकू आलं, पण ‘पळणं विसरा’ नंतर माझं डोकं चालतच नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर लोक अंधश्रद्धेवर सगळ्यांनाच बोलतात, तसं बोलले. तेवढ्यात काकूंनी दुसरं पाकीट पुढं केलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठले.

“काका, हा तुमचा गुडघा आहे? या वयात?” त्यांनी कंपाउंडरला बोलावून फिल्म दाखवली. “बघ, विशीतला वाटतो. काका, जेवणात काय असतं?”

“कळन्याची भाकर,” शेतकरी लाजून म्हणाले, “अन् मिरचीचा ठेचा.”

“बघा,” डॉक्टर मला म्हणाले. “शिका काहीतरी. काका, तुम्हाला आतून थोडा मुका मार असेल. तीन हप्ते आराम करा. मग चाला, पळा, काय करायचं ते करा.”

एस. टी.त मी खिडकीला डोकं टेकून रडत आले. काकूंनी पिशवीतला चिवडासुद्धा काढला नाही, आणि ते मला डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा भयंकर वाटलं. घरी आल्यावर मी बूट पलंगाखाली ढकलले आणि आईला फोन करून सांगितलं, की त्या स्थळाला हो म्हणा. आई म्हणाली, दोन दिवस थांब, सणाच्या तोंडावर रडत रडत हो म्हणू नये.

काकूंनी तो फोटो खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना दाखवायला. तीन दिवस बाया येत होत्या, माझ्या झिजलेल्या हाडांना हळहळत होत्या आणि चहा पिऊन जात होत्या. चौथ्या दिवशी काका पेपर घेऊन खिडकीशी बसले, बराच वेळ फोटोकडे पाहिलं, आणि त्यांनी त्या दिवसाचे चारही शब्द एकदम वापरले.

“हिच्या पायात ताईत कायचा?”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. गुडघ्याच्या जरा खाली एक चौकोनी, पांढरीशुभ्र पेटी दिसत होती. मी सलवार वर करून पाय दाखवला. ताईत नव्हता, कधीच नव्हता. काकूंनी फोटो काचेवरून ओढून काढला. “त्या भाऊच्या पायात होता,” त्या म्हणाल्या. “दर्ग्यावरचा. फोटोवाल्यानं काढा म्हनलं तं त्यानं नाही काढला.”

मला आधी आनंद झाला की राग आला ते आजही सांगता येणार नाही. मी काकूंना नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. “कामरगावले जाऊ,” म्हणाल्या. “तुहा फोटो त्याच्यापाशी हाये.” पत्ता विचारायची गरज नव्हती. बाकावरच्या अर्ध्या तासात त्यांनी त्या माणसाचं गाव, गल्ली, घरासमोरचं झाड आणि धाकट्या सुनेचं माहेर, सगळं विचारून ठेवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ ओसरीत खाटेवर पाय लांब करून पडले होते. अंगणात त्यांची बायको घामाघूम होऊन सोयाबीनचा भुसा, आमच्याकडचं कुटार, भरत होती. आम्हाला पाहून तिला कुणीतरी ऐकणारं मिळालं.

“बाई, तुमी नेलं होतं ना याले डाक्टरकडं? काय शिकवून आनलं? ऐन सोंगनीत हा मानूस खाटेवरून उतरून नाही राह्यला. म्हने तीन हप्ते आराम, अन् मंग पळाचं. म्या म्हनलं, या वयात कुठं पळाचं हाये तुमाले? कोनासंगं?”

“डाक्टरनं सांगतलं,” भाऊ शांतपणे म्हणाले. “विशीतला टोंगळा हाये माहा. साऱ्या गावानं फोटो पाह्यला.”

काकूंनी पिशवीतला चिवडा काढून भाऊंच्या बायकोच्या हातात दिला. शेवटी मीच सांगितलं, की भाऊ, तो विशीतला गुडघा माझा आहे आणि तुमचा आमच्या खिडकीला चिकटवला आहे. भाऊंनी स्वतःचा फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, ताईताला हात लावून नमस्कार केला आणि काळजीनं विचारलं, “म्हंजे आराम बंद?”

“नाही हो. तुम्हाला आणखी जास्त आराम. आणि पळायचं नाही.”

भाऊंनी बायकोकडे मान वळवली. “आयकलं?” ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझा स्वतःचा फोटो घेऊन वाशिमला गेलो. डॉक्टर ओशाळले, आणि त्या भरात त्यांनी जे कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. “काकू, तुम्ही जरा बाहेर बसा,” म्हणाले. “पेशंटला बोलू द्या.” काकू माझ्याकडे, मग डॉक्टरकडे पाहत पिशवीसकट हिरव्या पडद्याच्या बाहेर गेल्या.

आता मी मोकळी होते. ग्राउंड सहा-सात आठवड्यांवर आलं होतं. हाड चांगलं आहे हे फोटोत दिसतच होतं. फक्त डॉक्टरनं हो म्हणायचं राहिलं होतं.

“जिना उतरताना दुखतं का?”

“नाही.”

“पाय वळवला तर आतून निसटल्यासारखं वाटतं?”

“नाही.”

“रात्री ठणकतं?”

“नाही, सर. आता काहीच नाही.”

“मग हळूहळू सराव सुरू करायला हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, झालं, सुटले. आणि पडदा हलला.

“लबाड बोलते, साहेब,” काकू म्हणाल्या. त्या आत आल्या नाहीत, पडदा धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “जिना बसून उतरते. एक एक पायरी. राती उशी तोंडात धरून रडते, खाली आमाले आयकू येते. बस, इतकंच हाये.”

त्यांनी दुप्पट काहीच केलं नव्हतं. कुणाच्या अंगावर काही दाखवलंही नाही. दोन्ही हात पिशवीच्या बंदावर होते.

डॉक्टरांनी पेन ठेवलं, मला टेबलावर झोपवलं, पाय हातात घेऊन गुडघा एका बाजूला हलवला, आणि मी जी किंचाळले ती बाहेर बाकावर ऐकू गेली. हाडांना बांधून ठेवणारा, फोटोत न दिसणारा आतला एक बंध अर्धवट फाटला होता. तसाच पळायला लावला असता तर पूर्ण तुटला असता, आणि मग भरतीच काय, बसमागं धावणंही संपलं असतं. तीन आठवडे पळणं बंद, जिना बंद, गुडघ्याला पट्टा, नंतर व्यायाम, आणि दुखलं नाही तरच पळायचं. “ग्राउंडपर्यंत होईल?” मी विचारलं. “होईल किंवा नाही होणार,” डॉक्टर म्हणाले.

बसस्टँडवर मी काकूंना म्हटलं, “माझी नोकरी घालवली तुम्ही. आता माझ्याशी बोलू नका.”

“नको बोलू,” काकू म्हणाल्या. “नोकरी लागली का मंग बोल.”

आणि मी खरोखर बोलले नाही. माझा स्वभाव असाच आहे, एकदा कुलूप लावलं की किल्ली मलाच सापडत नाही. काकूही पक्क्या. त्या दिवशी संध्याकाळी माझा पलंग खाली त्यांच्या खोलीत आला, आणि काका-काकू आपल्या गाद्या घेऊन माडीवर गेले. दोघांचेही गुडघे कुरकुरणारे, पण जिना मी चढायचा नाही म्हणून रोज ती दोघं चढू लागली. सगळा निरोपांचा भार काकांवर पडला. माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहून काकू म्हणायच्या, “सांगा तिले, शेक घे म्हना.” काका माझ्याकडे वळून म्हणायचे, “शेक घे.” मी म्हणायची, “सांगा त्यांना, घेतला.” काका त्यांच्याकडे वळायचे. एवढं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती, त्यांचा घसा बसला. काकूंनी त्यांच्यासाठी ज्येष्ठमध आणलं, पण डॉक्टरकडे नेलं नाही. माझा पाय सोडून त्यांना दुसरीकडं लक्ष द्यायचं नव्हतं, हे मला समजत होतं. समजत होतं म्हणून अधिकच बोलवत नव्हतं.

डिंकाचे लाडू यायचे, ताट यायचं, गरम पाण्याची पिशवी यायची. तीन आठवड्यांनी मी घरातल्या घरात चालले, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग शाळेच्या मैदानाला एक फेरी. ग्राउंडच्या दिवशी निघताना काकूंनी काकांकरवी सांगितलं, “पळतानी मांगं पाहू नको म्हना.” मी पट्टा बांधून पळाले. पहिल्या पाचांत आले नाही. माझ्यामागंही बऱ्याच जणी होत्या. शेवटच्या वळणावर गुडघा बोलला, पण निसटला नाही. लेखी परीक्षा मला सोपी गेली, पायाचं काम नव्हतं.

निवड यादी मोबाइलवर आली. नाव दिसलं तेव्हा मी मैत्रिणीच्या दुकानात होते. तिथून थेट घरी आले. काकू ओसरीत शेंगा फोडत होत्या, काका पेपर वाचत होते.

“काकू,” मी म्हटलं, “लागली. आता बोलू का?”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, सरळ गुडघ्याकडे पाहिलं.

“आधी चालून दाखव.”

मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. “अजून एक डाव,” त्या म्हणाल्या. परत चालले. “आता जिना.” मी वर गेले आणि कठड्याला हात न लावता, सरळ उभ्यानं, एकेक पायरी खाली आले. काकू मान वाकडी करून प्रत्येक पायरीला तो टोंगळा पाहत होत्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला.

“हं,” म्हणाल्या. “आता बोल.”

इतक्या आठवड्यांचं बोलायचं साठलेलं होतं. पाया पडायचं होतं, माफी मागायची होती, आणि तुमच्याइतकं माझ्यावर माझ्या गावातही कुणी लक्ष ठेवलं नाही, हे सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि भोकाड पसरून रडायला लागले. काकूंनी मला जवळ ओढलं, पाठीवर हात फिरवला, आणि माझ्या डोक्यावरून काकांकडे पाहून म्हणाल्या,

“पाहा. म्या डाक्टरले काई वाढवून सांगतलं होतं काय?”